वाढीव पट्टीची मूठ

शुक्रवारी सकाळी बशीतला चहा फुंकता फुंकता मीरासाब पटवेगार एकदम ओरडले, "ही माझी हाय!"

सलमा आतून धावत आली. तिला वाटलं, अब्बांनी चहा अंगावर घेतला. तिचं सासर नि माहेर एकाच गल्लीत, उद्यमनगरच्या मागं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला जायच्या आधी ती रोज अब्बांचा चहा-नाष्टा उरकून जायची.

"काय तुमचं?"

"ही मूठ. बघ की."

मोबाईलवर कुणीतरी पाठवलेला फोटो होता. काचेच्या पेटीत मखमलीवर लाकडाच्या दोन तपकिरी फाका. रिव्हॉल्व्हरच्या दांड्याला दोन्ही अंगांनी बसते, ती नेमबाजीची मूठ. अंगठ्यासाठी खळगा, बोटांसाठी लाटा, तळहाताखाली छोटासा कट्टा. खाली चिठ्ठी होती: 'कै. आकाराम खोत यांनी १९७५ साली राज्य स्पर्धेचं सुवर्णपदक जिंकलं, त्या रिव्हॉल्व्हरची मूठ. बनावट: बहुधा परदेशी. कारागीर: अज्ञात.' रविवारी अकरा वाजता रायफल क्लबचा सुवर्णमहोत्सव, सर्वांनी यावं.

सलमा हसली. तिचं तरी काय चुकलं? अब्बा रस्त्यानं निघाले की अर्धं कोल्हापूर त्यांचंच असायचं.

"अब्बा, परवा रंकाळ्यावरच्या बाकड्याचा पाय पण तुमचाच होता."

"व्हता की."

"आणि पंचगंगेवरची ती पाण्याची मोटर?"

"तिचं पोट माझं. पंखा माझ्या जोडीच्या गुंडूचा."

"आणि मी?"

"तुझा पॅटर्न तुझ्या अम्मीचा. मी नुस्ता पॉलिश पेपर मारलाय."

मीरासाब पॅटर्नमेकर. जो भाग लोखंडात ओतायचा, तो आधी हुबेहूब लाकडात घडवायचा. तो लाकडी पॅटर्न फौंड्रीत काळ्या वाळूत दाबतात, अलगद उचलून घेतात, आणि मागं राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा लाल रस ओततात. लोखंड पुढं गावोगाव जातं, ऊस पिळतं, पाणी उपसतं, दळण दळतं. लाकूड मागं राहतं, झिजतं, आणि एखाद्या थंडीत कामगारांच्या शेकोटीला लागतं. चाळीस वर्षं मीरासाबांनी असं लाकूड घडवलं. त्यांच्या हाताची सगळी कला वाळूनं पाहिली आणि वाळूनंच विसरली.

"हस तू," ते म्हणाले. बशी खाली ठेवली. "लोखंडावर माझं नाव न्हवतंच कधी, त्येचं काय न्हाय वाटत. पर ह्ये लाकूड हाय, सलमा. लाकूड म्हणून ऱ्हायलंय. माझ्या हातचं येवढं एकच. आन् त्येच्याखाली लिवलंय, अज्ञात."

सलमाचं हसू ओठांवरच थांबलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. घरात, आणि फक्त घरातच, हे पन्नास वेळा सांगून झालं होतं, पण सलमानं आज पहिल्यांदा बसून ऐकलं. आकाराम खोत शिरोळचा ऊसकरी. त्याच्या चरकाचा दाता मोडला, तो घेऊन फौंड्रीत आला, पॅटर्न होईपर्यंत मीरासाबांच्या फळीवर बसून राहिला, आणि दाता बसवून झाल्यावरही येतच राहिला. त्याला नेमबाजीचा नाद. पण रिव्हॉल्व्हरची कारखान्याची मूठ त्याच्या रानातल्या पंज्यात गुंजेएवढी. रिव्हॉल्व्हर दुसऱ्याकडं सोडायची कायद्यानं बंदी, म्हणून त्यानं घरी बसून तिची मापं कागदावर लिहून आणली. सोबत कणकेचा एक गोळा आणला, मुठीत आवळलेला, बोटांचे ठसे उमटलेला. मीरासाबांनी तो उन्हात वाळवून दगड केला. त्यावर डोळे मिटून बोटं फिरवली, आणि चंदगडच्या एका शिसवीच्या तुकड्यातून तोच हात कोरून काढला.

"मग परदेशी कसं झालं ते?"

"आकारामचा बेत. म्हणला, मीरासाब, कुणाला बोलू नगंस. विलायतेची मूठ हाय म्हटलं की पुण्याची पोरं उभ्या उभ्याच गार हुत्यात. मी म्हटलं, चालतंय. जबान दिली." मीरासाब खुदकन हसले. "आन् झाली की गार!"

"आकारामचाचा जाऊन दहा वर्षं झाली, अब्बा. आता जबान सुटली. उद्या मला अर्धी सुट्टी आहे. जाऊ या आपण."

शनिवारी दुपारी निघताना मीरासाबांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. पटाश्या, कानशी, आणि वर तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली एक स्टीलची पट्टी. ती त्यांनी खिशात घातली.

"ती नको हां," सलमा म्हणाली. "त्या पट्टीनं मला सातवीत नापास केलंय."

खरंच केलं होतं. भूमितीच्या पेपरच्या दिवशी तिची पट्टी हरवली, म्हणून तिनं अब्बांची उचलली. पेपर परत आला तो लाल शाईनं न्हालेला. दहा सेंटिमीटरची प्रत्येक रेघ एक मिलिमीटर लांब. रडत घरी आली, तर अब्बा पोट धरधरून हसले. मग मांडीवर घेऊन म्हणाले, "ही वाढीव पट्टी हाय, बेटा. लोखंडाचा रस थंड झाला की आक्रसतोय, शंभराला एक. म्हणून आमच्या पट्टीवरचा शंभर खऱ्या शंभरापेक्षा एक पाऊल म्होरं असतोय. लोखंडाला आक्रसायला जागा ठेवायची. वहीला न्हाय."

"नापासाची पट्टी," मीरासाब पुटपुटले आणि ती पेटीत परत ठेवून दिली.

सलमाच्या स्कूटरवर मागं बसून ते क्लबात पोचले तेव्हा रेंजवर ठो, ठो चाललं होतं. क्रांती कानावरचे डबे काढत सामोरी आली. आकारामची नात, बावीस वर्षांची, तीही पिस्तूल मारणारी. महोत्सवाच्या काचपेट्या नि चिठ्ठ्या तिच्याकडंच होत्या. अंगठ्याच्या मुळाशी तिला चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

"ह्ये काय?" मीरासाबांनी नमस्काराच्या आधी तेच विचारलं.

"माझ्या पिस्तुलाची मूठ चावते, चाचा. कारखान्याची आहे ना."

"आज्ज्यावर गेलाय पंजा तुझा," ते म्हणाले.

आत टेबलाशी बाळासो बसले होते. कोर्टातून निवृत्त झालेले बेलीफ, आणि जुन्या हत्यारांच्या मुठींचे वेडे. पकडीसाठी कोरलेल्या जाळीच्या नुसत्या रेघा बघून मूठ कुठल्या देशाची, कुठल्या दशकातली हे सांगणारा माणूस. डोळ्याला भिंग, हातात बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर. सलमाच्या कारखान्यात असतो तसलाच व्हर्नियर, त्यामुळं तिला उगीचच धीर आला. रिव्हॉल्व्हर आता नव्हतं, ते आकाराम गेल्यावर लायसनबरोबर जमा झालेलं. मागं राहिल्या होत्या या फाका.

सलमानं अब्बांची गोष्ट सांगितली. बाळासोंनी भिंग काढलं, मीरासाबांकडं नीट पाहिलं.

"पावणं, तुमच्यावर माझा अविश्वास नाही. पण एक अडचण झालीय. कालपर्यंत मी हिला परदेशी म्हणत होतो. आज पेटीतून काढून मोजली, नि माझंच डोकं फिरलं." त्यांनी कागद पुढं केला. "या रिव्हॉल्व्हरची मापं पुस्तकात आहेत. आतला खाचा ऐंशी मिलिमीटर हवा, आहे ऐंशी पूर्णांक आठ. खिळीचं भोक साठावर हवं, आहे साठ पूर्णांक सहावर. रुंदी चाळीस हवी, तीही जास्त. आणि ही ढिलाई भरायला आत कुणीतरी चामड्याची पट्टी चिकटवलीय. बाहेरून बघाल तर हात कापून द्यावा असं काम. आणि आतून सगळी मापं चुकलेली."

"चुकलेली?" मीरासाबांनी विचारलं.

"सगळीच्या सगळी."

मीरासाबांनी मूठ हातात घेतली. तिच्या लाटांवरून अंगठा फिरवला. बोट खळग्यात गेलं, तिथंच थोडा वेळ थांबलं, गोठ्यातल्या वासरानं आईला हुंगावं तसं. मग त्यांनी ती उलटी केली, चामडं पाहिलं, आणि टेबलावर ठेवून दिली.

"मग माझी न्हवं," ते म्हणाले.

"अब्बा!"

"माझं माप चुकत न्हाय. चाळीस वर्सांत एक पॅटर्न माघारी आला न्हाय. मी चामडं लावलेलं न्हाय. ही माझी न्हवं. चल."

क्रांती मागं धावली. "चाचा, चहा तरी घ्या!"

"अज्ञाताला पाजा," म्हणाले, आणि स्कूटरवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मीरासाब पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडले होते. महोत्सवाला यायचं नाही म्हणाले. नाष्टा नको म्हणाले. सलमानं तरी चपात्या लाटायला घेतल्या. ओट्यावर मोबाईल टेकवून ठेवला होता, आणि त्यावर बाळासोंच्या कागदाचा काल काढलेला फोटो.

ऐंशीला ऐंशी पूर्णांक आठ. साठाला साठ पूर्णांक सहा. चाळीसला चाळीस पूर्णांक चार.

रोज कारखान्यात ती शेकडो मापं बघायची. चुका कशा असतात ते तिला माहीत होतं. चूक पोरासारखी असते, इकडं पळते, तिकडं पळते. एकीकडं जास्त, एकीकडं कमी. ही सगळी मापं मात्र शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी एका रांगेत होती. प्रत्येक माप, शंभराला एक पुढं.

तिच्या हातातलं लाटणं थांबलं. डोळ्यांपुढं लाल शाईनं न्हालेला पेपर उभा राहिला.

"ही तुमचीच हाय!" सलमा ओरडली.

मीरासाब दचकून उठले. त्यांना वाटलं, सलमानं हात भाजून घेतला. ती पिठाच्या हातानंच आली, वाकली, पलंगाखालची पेटी ओढली, पट्टी काढली आणि त्यांच्यापुढं धरली.

"आकारामचाचांनी मापं घरी साध्या पट्टीनं घेतली होती ना?"

"व्हय. त्येच्या धाकट्या भावाच्या शाळेच्या."

"आणि तुम्ही लाकडावर आखली कुठल्या पट्टीनं?"

मीरासाबांनी पट्टीकडं पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडं पाहिलं, जणू त्या हातालाच विचारत होते. खिशातून दिवसाकाठी पन्नास वेळा जी पट्टी निघायची, तीच तर निघणार. तेव्हा दुसरी पट्टी त्यांच्याजवळ नव्हतीच. लाकूड दिसलं की हात म्हणायचा, ह्येचं लोखंड व्हनार, जागा ठेव.

"अगं आई गं," ते हळूच म्हणाले. "शिसवीला बी लोखंड समजून बसलो की मी!"

आणि ते हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, ठसक्यातून पुन्हा हसू. सलमा पाठ चोळत होती, तिचे पिठाचे पंजे त्यांच्या सदऱ्यावर उमटत होते. "नापासाची पट्टी गं! तुलाबी नापास, मलाबी नापास!"

"टोपी घाला. साडेदहा होतायत."

क्लबाच्या अंगणात मांडव होता, हलगी कडाडत होती. काचपेटीपाशी बाळासो आणि क्रांती हळू आवाजात भांडत होते. मापं चुकलेली मूठ मांडायची की काढायची, यावर. जवळ खुर्चीत क्रांतीची आजी बसली होती. धोंडुबाई, आकारामची बायको, सकाळच्या एसटीनं शिरोळहून आलेली, नऊवारीत, नाकात नथ.

सलमा धापा टाकत आली. "काढू नका! सर, ही पट्टी लावा आधी."

बाळासोंनी पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली. "ही काय?"

"लावा की," मीरासाब मागून म्हणाले. सदऱ्यावर पिठाचे दोन पंजे तसेच होते.

बाळासोंनी पेटी उघडली. पट्टी खाच्याला लावली. डोळ्याला भिंग लावलं. ऐंशी. बरोबर ऐंशीच्या रेघेवर. त्यांनी भोकाला लावली. साठ. रुंदीला लावली. चाळीस. त्यांनी भिंग काढून पुसलं, परत लावलं, परत तिन्ही मापं घेतली. सलमानं तोवर लोखंडाचं आक्रसणं, पट्टीचं पुढं असणं आणि सातवीतला पेपर, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"म्हणजे एकही माप चुकलेलं नाही," बाळासो म्हणाले. त्यांचा आवाज पोरासारखा चिरकला. "अहो, मी तीस वर्षं मुठींच्या आत कारागिराचा शिक्का शोधतोय! हा माणूस शिक्का मारायला विसरला, आणि सगळी मूठच शिक्का होऊन बसली! कोल्हापूरच्या फौंड्रीतल्या माणसाशिवाय ही चूक जगात कोण करणार?"

"चूक म्हणू नगा," मीरासाब म्हणाले. "सवय म्हणा."

"सवय! सवय!" बाळासोंनी त्यांचे दोन्ही हात धरले.

पण मीरासाबांची नजर चामड्यावर गेली होती. "ह्ये तेवढं माझं न्हाय. ह्ये कुणी लावलं, कळंना."

तेव्हा धोंडुबाई खुर्चीतून पुढं झाल्या. चष्मा वर सरकवून त्यांनी चामड्याचा तुकडा पाहिला. त्यावर बारीक वेणीची शिवण होती.

"अगं बया! ही माझी चप्पल!"

सगळे त्यांच्याकडं वळले.

"लग्नातली! कोल्हापुरातनं घेतलेली, पायात चारदा घातली नसंल. एक दिस बघते तर पट्ट्याचा लचका गेलेला. म्हटलं कुत्र्यानं न्हेला का काय. तर हेनी म्हनालं, मी कापला. का म्हटलं, तर गप. आठ दिस बोलले न्हाय मी." त्यांनी मीरासाबांकडं पाहिलं. "भावजी, तुमी केली ही मूठ?"

"व्हय वैनी."

"आन् माझ्या कणकेचा गोळा? तो बी न्हेला हेनी, भरल्या परातीतनं. सासूबाई विचारायला लागल्या, तर म्हनालं, पोस्टानं विलायतेला धाडला. आमी दोघी सासवा-सुना कितीतरी दिस बोलत बसायचो, समिंदरात भिजला असंल का न्हाय!"

हसण्याचा असा लोट उठला की हलगीवाला थांबून बघायला लागला. मीरासाबांनी मात्र मूठ परत उचलली होती. ते चामड्याच्या तुकड्यावर अंगठा फिरवत होते.

आकारामनं मूठ घरी नेऊन बसवली, तेव्हा ती हलली असणार. फौंड्रीत येऊन तो म्हणू शकला असता, मीरासाब, ढिली झाली, परत कर. तो आला होता, हे त्यांना चांगलं आठवत होतं. फळीवर बसला, गूळ-शेंगा दिल्या आणि म्हणाला, "मापात हाय बघ गड्या, जल्मल्यागत बसली." नव्या नवरीची चप्पल कापली, आठ दिवस तिचा अबोला सोसला, विलायतेची थाप मारली, पदक आणलं, आणि जाईपर्यंत चकार शब्द बोलला नाही.

"माझं माप ऱ्हावं म्हणून," मीरासाब म्हणाले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी लपवलं नाही, तसंच हसत राहिले. "लबाड आकाराम! आन् मी चाळीस वर्सं छाती काढून फिरलो, एक काम माघारी आलं न्हाय म्हणून!"

धोंडुबाईंनी पदरानं आपलेही डोळे टिपले आणि जात्यावर बसल्यासारखी मान डोलावत, तिथल्या तिथं जुळवून, हलक्या आवाजात म्हटलं:

"कणकेचा माझ्या गोळा, म्हनं गेला सातासमुद्रापार,
उद्यमनगरात व्हता, भावजींच्या मांडीवर.
चपलेचा माझ्या पट्टा, घिऊन गेला गं बाई चोर,
दोस्ताच्या मुठीमंदी, दोस्तानं लावला दोर."

हलगीवाल्यानं शेवटच्या ओळीला बरोब्बर ठेका दिला.

क्रांती कोरी चिठ्ठी नि पेन घेऊन बसली. "सांगा चाचा. काय लिहू?"

"ल्ही. कारागीर, मीरासाब पटवेगार, पॅटर्नमेकर, कोल्हापूर." प्रत्येक शब्द उमटताना ते वाकून बघत होते. नाव पुरं झालं तेव्हा त्यांनी ते एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्यानं वाचलं आणि मग सलमाला वाचायला लावलं.

"झालं?"

"न्हाय. खाली ल्ही. माप: वाढीव पट्टीनं. चामडं: आकाराम खोत." मग वैनींकडं बघून म्हणाले, "चप्पल: धोंडुबाई."

क्रांतीनं तिन्ही लिहिलं. बाळासोंनी पट्टीही मखमलीवर मुठीशेजारी ठेवायची परवानगी मागितली. मीरासाबांनी ती देऊन टाकली, हात झटकून, जणू एक जुनं ओझं उतरलं.

पाहुण्यांची भाषणं सुरू झाली. मीरासाबांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते क्रांतीच्या चिकटपट्टी गुंडाळलेल्या अंगठ्याकडं बघत होते.

"पोरी, हात दाव."

तिनं पंजा पुढं केला. त्यांनी तो दाबून, वाकवून, उन्हाकडं करून पाहिला. ब्याऐंशी वर्षांची बोटं त्या तरण्या हातावरून अशी फिरत होती, की सलमाला त्यांच्या फळीवरचा रंध्याचा आवाज ऐकू यायला लागला.

"शिसवीचा एक तुकडा ऱ्हायलाय अजून. त्याच लाकडाचा. माळ्यावर हाय." मग ते वळून म्हणाले, "वैनी, मांडवामागं जेवणं हायत न्हवं? परातीतली मूठभर कणीक मिळंल?"

"घ्या की," धोंडुबाई उठल्या. "पर या खेपेला गोळा कुठं जातोय ते मी सोता बघनार!"

"आन् सलमा," मीरासाबांनी हाक मारली.

"काय अब्बा?"

"शाळेची पट्टी आण गं एक. साधी. येताना दोनदा मोजून आण."

मांडवामागं आचाऱ्यांच्या परातीत क्रांतीनं हात घातला, मूठभर कणीक उचलली आणि डोळे मिटून आवळली. तिच्या बोटांच्या फटींतून पांढरी, मऊ कणीक वर आली.

"आवळ," मीरासाब म्हणाले. "अजून आवळ. पदकाला धरल्यागत."